आराम नावाचं जुनं औषध



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय कळवला तो असा : ‘हाडांचे व सांध्यांचे विकार – कारणे आणि उपचार’. या मथळ्याखाली चार जाडजूड ग्रंथ सहज बसतील, आणि ते सगळे वाचूनही तुमचा गुडघा तसूभर कमी दुखणार नाही. म्हणून मी त्यातला एकच धागा धरतो. तपासणीच्या खोलीत एक वाक्य माझ्या कानावर रोज येतं. ‘डॉक्टरांनी आराम सांगितलाय.’ कंबर दुखली, आराम. गुडघा दुखला, आराम. आजी पडल्या, आता त्यांना पलंगावरून खाली उतरू द्यायचं नाही. औषधाच्या चिठ्ठीवरचं हे सगळ्यांत स्वस्त औषध. त्याचे दुष्परिणाम मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

हा सल्ला आला कुठून? एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस नावाचा डॉक्टर होता. घराणं वेल्समधल्या अँगलसी बेटावरचं, पिढीजात हाडवैद्यांचं. वडील इव्हान थॉमस लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचे, नाव मोठं होतं. पण पदवी नव्हती, त्यामुळे पदवीवाल्यांनी त्यांना कोर्टकचेऱ्यांत जेरीला आणलं. बापानं मग पाचही मुलांना रीतसर डॉक्टर करून टाकलं. ह्यू त्यांतला एक. तोंडात कायम सिगारेट, स्वभाव तिरसट, आणि काम मुख्यतः गोदीतल्या गोरगरिबांत. सांध्याला विश्रांती द्यायची तर ती सक्तीची, अखंड आणि दीर्घकाळ दिली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी त्यानं लोखंडी कड्यांच्या आणि सळ्यांच्या पट्ट्या बनवल्या. त्यातली मांडीची पट्टी ‘थॉमस स्प्लिंट’ या नावानं आजही अपघात विभागात सापडते. पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानं ती आघाडीवर नेली आणि मांडीचं हाड मोडलेले असंख्य सैनिक तिच्यामुळे वाचले.

पण थॉमसचे रोगी कोण होते, हे पाहायला हवं. खुब्याच्या, गुडघ्याच्या, मणक्याच्या क्षयानं पिडलेली पोरं. क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 साली, थॉमस वारल्यानंतर अर्ध्या शतकानं. जंतूंनी पोखरलेला सांधा हलवला तर रोग भडकायचा. तिथं आराम हाच उपचार होता आणि तो बरोबर होता. पुढे औषधं आली. बनारसला डॉ. तुली यांनी मणक्याच्या क्षयासाठी आधी औषधं, आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया, असा मधला मार्ग घालून दिला. क्षयाचे रोगीसुद्धा पट्टा लावून हिंडू-फिरू लागले. आरामाचा सल्ला मात्र ज्या रोगासाठी जन्मला होता तो सोडून भलत्याच दुखण्यांच्या घरी जाऊन राहिला.

त्यातलं पहिलं घर गुडघ्याचं.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थरात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. मग तिचं पोषण कसं होतं? सांध्यातल्या द्रवातून. पाय टेकला की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते, आतला द्रव बाहेर पडतो. पाय उचलला की ताजा द्रव आत शिरतो. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी 1970 नंतर सशांवर प्रयोग केले. जखमी कूर्चा असलेले सांधे काहींचे बांधून ठेवले, काहींचे यंत्रानं सतत हलते ठेवले. हलत्या सांध्यातली कूर्चा कितीतरी चांगली भरून आली. हाडांच्या शास्त्रात थॉमसला उलटं उत्तर मिळालं ते इथं.

आपल्याकडे लोक सांगतात, ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय.’ तोच माणूस दोन वाक्यांनी म्हणतो, ‘आणि गुडघ्यात पाणी झालंय.’ हे पाणी म्हणजे तेच वंगण, फक्त सांध्याच्या आतलं अस्तर सुजल्यामुळे जास्त तयार झालेलं आणि पातळ झालेलं. संपलेलं काही नसतं.

आणखी एक गोष्ट. कूर्चेला संवेदनाच नसेल तर ती झिजल्यावर दुखतं काय? दुखतं ते अस्तर, कूर्चेखालचं हाड, सांध्याभोवतीचे बंध आणि थकलेले स्नायू. म्हणूनच एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून फिल्म काढून ‘डॉक्टर, पार घासून गेलंय म्हणतात’ असं सांगणाऱ्या बाई चार जिने चढून आलेल्या असतात. आणि ज्यांची फिल्म जवळपास स्वच्छ आहे त्यांना खुर्चीतून उठवत नाही. दोघींत फरक कुठला ते पाहायचं तर फिल्म बाजूला ठेवून मांडीकडे बघावं लागतं. न उठवणाऱ्या बाई दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबतात, पुढे झुकतात, एक हिसका देतात. गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला, जिथं स्नायूचा फुगवटा असायला हवा तिथं सपाट असतं, कधी खळगाच.

आत्ता इथंच करून पाहा. बसल्या जागी एक पाय समोर सरळ करा. टाच पुढे, पंजा स्वतःकडे ओढा, गुडघा खाली दाबल्यासारखा ताठ करा. आता हातानं गुडघ्याच्या चार बोटं वर चाचपा. घट्ट लागतंय? ज्यांना थरथर जाणवतेय त्यांनी घाबरू नये, पण लक्षात ठेवावं. दहा आकडे मोजा आणि सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. घरी पलंगावर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तीच दाबायची. महिन्या-दीड महिन्यानं खुर्चीवरून हात न टेकता उठायला सुरुवात करायची. यात पैसे लागत नाहीत, हीच याची सगळ्यांत मोठी अडचण आहे. फुकटच्या उपचाराला घरात मान नसतो.

गुडघा झिजण्याची कारणं ठाऊक आहेत. वय, आनुवंशिकता, तरुणपणी झालेली दुखापत, पाय मुळातच कमानीसारखे असणं, आणि वजन. यातल्या शेवटच्यावरच आपला ताबा चालतो. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासात पाच किलोंच्या आसपास वजन घटवलेल्या बायकांमध्ये गुडघेदुखीचा हा आजार जडण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. पाच किलो! चाळीस नव्हे.

औषधांबद्दल थोडक्यात. दुखऱ्या गुडघ्यावर चोळायचं वेदनाशामक जेल हे गोळीपेक्षा सुरक्षित. गोळ्या रोज, वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड त्यांची किंमत मोजतात. गुडघ्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे बरं वाटतं. दुर्बिणीनं ‘गुडघा साफ करून देतो’ असं कुणी म्हणालं तर 2002 सालचा ह्यूस्टनचा प्रयोग आठवा. ब्रूस मोझली यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या 180 रोग्यांचे तीन गट केले. काहींचा गुडघा दुर्बिणीतून नुसता धुतला, काहींचा साफ केला, आणि काहींच्या कातडीला फक्त छेद देऊन टाके घातले. आत काहीच केलं नाही. कुणाला काय केलं हे रोग्यांना कळू दिलं नाही. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच. छेदवालेही खूश होते! झिजेच्या गुडघ्यासाठी तेव्हाच हा उपचार बंद व्हायला हवा होता.

कंबरेचं घर याच्या शेजारीच. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकलीय’ असं लिहिलेला एमआरआयचा अहवाल घेऊन माणूस येतो तेव्हा तो अर्धा आजारी त्या कागदानं झालेला असतो. 1994 साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 लोकांचे एमआरआय काढले गेले, तर निम्म्याहून जास्त लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. केस पांढरे होतात तशी गादीही जुनी होते. त्याआधी 1986 साली रिचर्ड डेयो यांनी टेक्सासमध्ये अचानक कंबर धरलेल्या रोग्यांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितलं होतं. आठवडाभर पडून काडीचा जादा फायदा झाला नाही. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर गेले. आज तेवढेही दोन दिवस आम्ही सांगत नाही. सोसवेल तेवढं हिंडा, म्हणतो. तरीही आपल्याकडे तीन आठवडे फळीवर निजण्याचा सल्ला जिवंत आहे आणि तो देणारे माझ्याच व्यवसायातले आहेत.

अपवाद लक्षात ठेवा. लघवीवरचा ताबा गेला, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल लुळं पडू लागलं, तर उद्याची वाट बघायची नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन ही क्षयाची किंवा गाठीची चिन्हं असू शकतात. आपल्या देशात मणक्याचा क्षय हे काही पुस्तकातलं प्रकरण नाही. आणि एकच सांधा लाल, गरम, तापासकट सुजला तर आत पू असू शकतो. तो कूर्चेला काही दिवसांतच खाऊन टाकतो. सकाळी उठल्यावर तासभराहून अधिक वेळ बोटं आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात. त्यात पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. त्यातली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर जीव जाऊ शकतो, म्हणून गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

खांद्याबद्दल एवढंच, की मधुमेह असलेल्याचा खांदा आखडला, पाठीमागे हात जाईना, केस विंचरता येईनात, तर त्या हाताला गळपट्टीत अडकवून ठेवू नका. हा आजार हळूहळू आपणहून सुटतो, पण वर्ष-दोन वर्षं घेतो; त्या काळात साखर आणि हालचाल दोन्ही सांभाळावी लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर उभा राहिलो तिकडे येतो. गुडघ्याला आपण सगळे भितो, कारण तो दुखतो. पण गुडघा जीव घेत नाही. जीव घेतं ते न दुखणारं हाड.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. त्यात जुना भाग खाणाऱ्या पेशी असतात आणि नवा भरणाऱ्या असतात. दहा-एक वर्षांत सगळा सांगाडा नव्यानं घडतो. किती भरायचं आणि कुठं भरायचं हे भारावर ठरतं. 1892 साली बर्लिनचे यूलियुस वोल्फ यांनी हे मांडलं आणि अंतराळवीरांनी ते सिद्ध केलं. भारच नसलेल्या अंतराळात महिन्याला एक टक्क्याच्या वर हाड निघून जातं, आणि तेही धडधाकट, निवडून घेतलेल्या माणसांचं. मग पलंगावर ठेवलेल्या आजींचं काय होत असेल?

बायकांची पाळी थांबली की पुढच्या पाच-सात वर्षांत हाड झपाट्यानं विरळ होतं. काही दुखत नाही. पहिली खूण बहुतेक वेळा मनगट देतं. ओट्याजवळ पाय घसरला, हात टेकला, मनगट मोडलं. हे हाड कसं मोडतं याचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी 1814 साली केलं. एक्स-रे यायला तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षं होती. त्यांनी ते निव्वळ हातानं चाचपून ओळखलं. आपल्याकडे पाच-सहा आठवडे प्लास्टर होतं, ते निघतं, आणि विषय संपतो. पन्नाशीनंतर एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं, याचा अर्थ हाडांची घनता मोजण्याची, म्हणजे डेक्सा तपासणीची, वेळ आली. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर औषध लागतं. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर एक गोळी आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. किंवा वर्षातून एक सलाइन. मनगट मोडलं तेव्हा हे केलं तर पुढचा खुबा वाचू शकतो.

कॅल्शियमची गोळी सगळे घेतात. त्याआधी ताट बघा. प्रौढाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, दुधाच्या पेल्यात अडीचशेच्या जवळ, तिळात भरपूर. ड जीवनसत्त्वासाठी सकाळच्या कोवळ्या उन्हात बसणाऱ्यांना सांगतो, त्या उन्हात ते फारसं तयार होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळचं ऊन लागतं. आणि 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच. ‘शक्तीसाठी’ रोज घेणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम इतकं वाढतं की उलट्या सुटतात, मूत्रपिंडं खराब होतात.

खुबा मोडतो कसा? रात्री लघवीला उठताना, झोपेच्या गोळीच्या तारेत, दिवा न लावता, ओल्या फरशीवर. पाय आखूड झालेला आणि पंजा बाहेर वळलेला दिसला की एक्स-रेआधीच कळतं. मग घरात बैठक बसते. ‘या वयात ऑपरेशन कशाला? पडून राहू दे, हाड जुळेल.’ मायेपोटी घेतलेला याहून घातक निर्णय मी पाहिलेला नाही. हाड जुळेपर्यंतच्या तीन महिन्यांत पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, लघवीला जंतू लागतो, पायाच्या शिरेत रक्त गोठतं. म्हातारपणी खुबा मोडलेल्यांपैकी चार-पाचांतला एक जण वर्षाच्या आत दगावतो, उपचार मिळूनही. जे वाचतात ते मुख्यतः लवकर उभे केलेले असतात.

शस्त्रक्रियेच्या दोन तऱ्हा आहेत. मांडीच्या हाडाची मान मोडली तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग जुळण्याचा भरवसा नसतो. म्हणून गोळाच बदलतात. मानेच्या खाली मोडलं तर तिथं रक्त भरपूर, हाड जुळतं. फक्त आत सळी किंवा पट्टी घालून त्याला धरून ठेवावं लागतं. दोन्हींचा हेतू एकच, की दुसऱ्या दिवशी माणूस वॉकर धरून उभा राहावा. ऑपरेशन दोन दिवसांच्या आत व्हावं. भूल सोसेल का, असं विचारतात. त्या वयाला खरं तर पलंग सोसत नाही. डॉक्टरांना विचारायचं असेल तर ‘उभं कधी करणार?’ हे विचारा. आणि घरी जाण्याआधी कुणीतरी पुढे जाऊन संडासात दांडी बसवा, रात्रीचा छोटा दिवा लावा, सरकणारं पायपुसणं उचला.

एका विषावर बोललंच पाहिजे. गावोगाव गुडघेदुखीची भुकटी मिळते, नाव आयुर्वेदाचं आणि आत बऱ्याचदा स्टेरॉइड. तीन दिवसांत माणूस नाचायला लागतो. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाड ठिसूळ होतं, आणि कुणाकुणाच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो आतल्या आत खचतो. विदर्भात हाच खचलेला खुबा सिकलसेलच्या तरुणांत दिसतो, पण तिथं कारण रक्ताचं असतं. भुकटीवाल्या माणसानं ती एकदम बंदही करू नये. शरीर तिच्यावर विसंबलेलं असतं, एकदम तोडली तर जिवावर बेततं. डॉक्टरकडे पुडी घेऊन या.

राहिला प्रश्न सांधेबदलाचा. खुब्याचा आजचा कृत्रिम सांधा जॉन चार्नली यांचा. इंग्लंडातल्या रायटिंग्टनच्या रुग्णालयात त्यांनी वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरलं. तीन-चार वर्षांत ते झिजलं, त्याच्या चुऱ्यानं भोवतालचं मांस चिघळलं. चार्नलींनी तो चुरा स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन खात्री केली. शेकडो रोग्यांचे सांधे फुकट गेले होते. मग 1962 मध्ये यंत्रमागाच्या भागांसाठीचं एक प्लास्टिक विकणारा फिरता विक्रेता त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याच्याकडे आला. चार्नलींनी तुकड्याला नख लावून पाहिलं आणि नापसंत केलं. क्रेव्हननं न विचारता तो यंत्रावर चढवला. तीन आठवड्यांत जेवढं झिजलं त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजत होतं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून ते रोग्यांत बसवायला सुरुवात झाली, आणि त्याच जातीचं प्लास्टिक आज आपल्या गुडघ्यांतही असतं.

गुडघा बदलण्याची भीती आपल्याकडे मोडली ती अटलबिहारी वाजपेयींमुळे. ऑक्टोबर 2000 मध्ये डावा आणि जून 2001 मध्ये उजवा, मुंबईत ब्रीच कँडीला; शस्त्रक्रिया करायला न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याची किंमत 54,720 रुपयांवर बांधली. आधी ती दीड लाखाच्या वर जायची. मात्र ही किंमत सांध्याची, रुग्णालयाच्या बिलाची नव्हे. परदेशांतल्या नोंदी सांगतात की शंभरातले ऐंशीच्या आसपास गुडघे 25 वर्षांनीही टिकून असतात. तेव्हा ऑपरेशन वाईट नाही. वाईट आहे ते फिल्म बघून ठरवलेलं ऑपरेशन. व्यायाम आणि वजन यांवर सहा महिने मनापासून घालवले, तरी रात्री झोप लागत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाववत नाही, अशा माणसानं ते अवश्य करावं आणि त्याच संध्याकाळी उभं राहावं. मांडी कमकुवत असेल तर नवा गुडघाही दुबळाच चालतो.

तुमच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या तेल-मालिशच्या. जुन्या गुडघ्याला, पाठीला कोमट तेल लावा, बरं वाटतं, बिघडत काही नाही. पण शाळकरी मुलाचं कोपर दुखावलं असेल तर त्याला कुणालाही चोळू देऊ नका, आणि जोर लावून सरळही करू देऊ नका. दुखावलेल्या कोपराभोवतीच्या स्नायूत चोळण्यानं हाड तयार होतं आणि कोपर कायमचं आखडतं. त्यावर हाडवैद्याच्या कामट्या घट्ट बांधल्या असतील आणि मूल बोटं ताणली की किंचाळत असेल, तर कामट्या तिथल्या तिथे सोडा आणि मग गाडी काढा.